वकीलबाई आधी वाचून दाखवतात

प्रभा मंद्रूपकरांकडे सही करायची घाई असलेल्या माणसानं जाऊच नये. नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. खालून "या ताई, इरकल बघून तर जा!" अशा हाका, आणि वर बाई चष्मा पुसत म्हणणार, "बसा. आधी पूर्ण ऐकायचं, मग अंगठा."

सदतीस वर्षांपूर्वी सनद घेऊन त्या आल्या, तेव्हा सीनियर म्हणाले होते, "प्रभा, पोटगीची मॅटर घे. बाईमाणसाला बरी."

"मला रिट करायच्यात, सर."

"सरकारविरुद्ध? अगं, साध्या नळासाठी महापालिकेपुढे हात जोडतो आपण!"

"म्हणूनच, सर."

मग यंत्रमाग कामगार, कोठडीत मार खाल्लेली माणसं, यादीतून नावं गळालेल्या म्हाताऱ्या, सगळी तो जिना चढू लागली. कुणी कौतुकानं, कुणी खवचटपणे त्यांना 'बॅरिस्टरबाई' म्हणू लागलं.

वाचून दाखवायची सवय मात्र एका चुकीतून लागली. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यातला मडिवाळप्पा चार दिवस विनाकारण कोठडीत होता. बाईंनी इंग्रजीत झोकदार प्रतिज्ञापत्र लिहिलं, त्यानं सही ठोकली. चौकशीत साहेबांनी विचारलं, "पट्ट्यानं मारलं?" तो म्हणाला, "नाही साहेब, हातानं." कागदावर पट्टा होता. प्रकरण तिथंच बसलं. पायऱ्या उतरताना मडिवाळप्पा रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "पट्टा मी म्हटलोच नव्हतो की, बाई. तुम्ही विचारलाच नाही."

यंदा मार्चमध्ये मायाक्का आली. मंगळवेढ्याकडच्या कोरड्या गावातली, मेंढपाळाच्या घरची. नवरा येडू मेंढरांपाशी राहिलेला, ही एकटी एसटीनं. तिच्या वस्तीतल्या अकराही घरांची नावं रेशनच्या यादीतून कापली होती. जानेवारीत तपासणीला साहेब आले, दारांना कुलपं दिसली, त्यांनी नोटिसा चिकटवल्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, नावं गेली. कार्ड असलं की धान्य वाटेतल्या कुठल्याही गावात उचलता यायचं. आता प्रत्येक दुकानातलं मशीन नाहीच म्हणत होतं.

याचिकेचा मसुदा शिवानंद वकिलांनी केला होता. पंधरा वर्षं बाईंबरोबर काम करणारे, हुशार गृहस्थ. बाई वाचू लागल्या. सहाव्या कलमावर मायाक्कानं हात वर केला.

"अखंड वास्तव्य म्हंजी?"

"सलग राहणं," शिवानंद म्हणाले. "बारा महिने."

"मंग ते खोटं हाय."

"मावशी, घर तुमचंच आहे ना?"

"घर हाय की. पर दसरा झाला की आमी मेंढरं घिऊन निगतो, ते मिरगाच्या तोंडाला माघारी. दाराला कुलूप."

"हे कोर्टात बोलायचं नसतं हो!"

"कुलपाचा फोटू काडलाय सायबानं. अन् मी बारा म्हयनं घरात हाय म्हनू? मेंढरं हसतील मला."

शिवानंद बाईंकडे वळले. "मॅडम, हे कबूल केलं तर संपलंच. सरकारी वकील म्हणतील, राहतच नाहीत, मग नाव कशाला?"

त्यांचं चूक नव्हतं. बाईंनी पेन मिटलं. खाली दुकानात कुणीतरी साडीचा रंग उन्हात नेऊन बघायचा हट्ट धरला होता.

"मायाक्का, ती नोटीस तू कधी बघितलीस?"

"वाटंत सासू आजारी पडली, तिला घिऊन आले, शिमग्याच्या आदी. निम्मा कागद गावातल्या शेळीनं खाल्लेला. तोवर नाव गेल्यालं."

"म्हणजे उत्तर द्यायला कुणी विचारलंच नाही तुला."

"कोन इचारनार? आमी तवा भीमंच्या काठाला."

बाईंनी सहावं कलम खोडलं. "शिवानंद, आपण हिला बारा महिने घरात बसवलं, तर नोटीस हिला मिळाली. ही घरात नव्हती, तर नोटीस कुलपाला मिळाली."

शिवानंद हसले. "आणि कुलूप काय उत्तर देणार!"

"ही सांगते तसंच लिहा. कुठल्या महिन्यात कुठं, सगळं."

"उलटं पडंल का वो, बाई?" मायाक्कानं विचारलं.

"पडू शकतं. खात्री नाही देत मी."

"न्हाय दिली तेच बरं. खात्री बियान्याच्या दुकानदारानं बी दिलती."

एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या बेंचपुढे सुनावणी झाली. मायाक्का मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली. सरकारी वकिलांनी नेमकं तेच कलम काढलं. "आठ महिने गावात नसतो, हे यांनीच लिहून दिलंय."

"नोटीस हातात कुणाला दिली?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"दारावर चिकटवली."

"दार उघडं होतं?"

सरकारी वकिलांनी फाईल उलटली. त्यातला फोटो त्यांनाही दिसत होता. "कुलूप होतं."

पुढं बाईंना फार बोलावं लागलं नाही. म्हणणं न ऐकता नावं कापली, म्हणून तो आदेश रद्द झाला. पण पडताळणी टळली नाही.

बाहेर व्हरांड्यात मायाक्कानं बाईंना गाठलं. "काय झालं वो?"

"नावं परत लागणार. पण साहेब पुन्हा तपासायला येतील. या वेळी तुम्ही गावात असताना."

"कवा?"

"श्रावणात. तारीख आधी कळवायची, असं कोर्टानं सांगितलंय. त्या दिवशी अकरा घरांतलं कुणीही हलायचं नाही. येडूसुद्धा."

"श्रावनात लोकर कातरायची आसती, बाई. लई गडबड."

"मायाक्का!"

"बरं, बरं. ऱ्हातो की. पर सायबाला सांगा, सकाळच्या पारी या. दुपारनं मेंढरं सोडावी लागत्यात."

बाईंनी फाईलच्या पाठीवर लिहून घेतलं: सकाळी.