माणूस नसलेला कारखाना

आम्ही बँडमध्ये दोघंच होतो. मानखुर्दचा माझा मित्र सिंथेसायझर वाजवायचा आणि मी आवाज गोळा करायचो: ग्राइंडर, कॉम्प्रेसर, शटर, जे खडखडेल ते. ते सगळं पिळून, फाडून तालावर बसवायचं, याला इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल म्हणतात. आई त्याला गिरणी म्हणायची. "झाली का रे तुमची गिरणी दळून?" ऐकणारे जेमतेम, त्यातले निम्मे ओळखीचे. त्यामुळे अंधेरीच्या एका चार पोरांच्या कंपनीने आपल्या व्हिडिओ गेमचं संगीत आम्हाला दिलं आणि त्याचा अख्खा अल्बम निघणार असं कळलं, तेव्हा आम्ही हवेतच होतो.

गेम बंद पडलेल्या कारखान्यातला. खेळणारा आत एकटाच फिरतो आणि यंत्रं आपोआप चालू असतात. "माणसाचा आवाज कुठेच नको, श्वाससुद्धा नको," असं त्यांनी बजावलं होतं.

यंत्रं शोधत मी देवनारपर्यंत भटकलो आणि कळसा काखेतच होता. घाटकोपरच्या एका गाळ्यात बाबांचा पॉवर प्रेस होता, त्यावर ते पत्र्यातून स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकून काढायचे. मी तिथे माइक लावून बसलो. पण गप्प बसणं बाबांना जन्मात जमलं नव्हतं. ते पत्र्याशी बोलायचे, शेजारच्या गाळ्यात हाका मारायचे, मध्येच मला विचारायचे, "येतंय ना रे नीट? चहा सांगू का?" आणि खोकायचे.

"बाबा, गप्प बसा ना जरा! सगळं परत घ्यावं लागतं."

"बरं बाबा, राहिलं," म्हणायचे आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू.

हे तीन महिने चाललं. गेममध्ये तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. त्यात कोणी एकदा जरी खोकलं, तरी तो खोकला दर आठ सेकंदांनी येतो आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात जातो. म्हणून घरी हेडफोन लावून मी बाबांचं बोलणं, हाका, खोकला, सगळं तांदळातल्या खड्यांसारखं वेचून काढलं. प्रेसचे ठोके मागेपुढे पडायचे, तेही सरळ केले. सर्वांत जास्त त्रास खोकल्याचा, कारण तो नेमका ठोक्यावर यायचा. सुरुवातीला कोरडा होता. शेवटी शेवटी त्याच्यामागे घरघर यायला लागली, ती काढायला वेगळा फिल्टर लावावा लागला. फिल्टर झकास बसला, म्हणून मी मित्राला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

मग डिस्क भरली. मित्राने विचारलं, "ओरिजिनल ठेवायचे का यार?"

"उडव रे. कचरा आहे सगळा."

त्याने उडवलं.

पुढे बाबांना जिना चढवेना. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून?" बाबा म्हणाले, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." मी शेजारच्या खुर्चीत होतो. तो खोकला कोणत्या आठवड्यात बदलला हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो "जास्त झाले" एवढंच पुटपुटला. किती, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. फुप्फुसात सगळीकडे पसरलं होतं. अल्बम बाहेर आला तेव्हा बाबा नव्हते.

लोकांना तो आवडला. ऐकताना पृथ्वीवर कोणी उरलंच नाही असं वाटतं, असं एकाने लिहिलं. मित्राने मला ते दाखवलं आणि माझा चेहरा बघून फोन खिशात घातला. मला त्या अल्बमची शिसारी येते. स्वतःचीही येते, पण ती सांगून काय उपयोग.

एका दुपारी आई म्हणाली, "तू ह्यांचं एवढं रेकॉर्डिंग केलंस ना. ह्यांचं बोलणं ऐकव ना जरा. काहीही चालेल."

दुसरीकडे त्यांचा आवाज कुठेच नव्हता. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत ते बोलताना दिसतात, पण शूटिंगवाल्याने त्यावर गाणी चढवली आहेत. मोबाइलवर ते फक्त फुलांचे फोटो पाठवायचे.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी घाबरलो. प्रेस सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो तुकडा लावला आणि हेडफोन तिच्या कानाला दिले. त्या प्रेसशेजारी बसून तिने वर्षानुवर्षं झाकणं पुसली होती. ती डोळे मिटून ऐकत राहिली. एखादा तरी श्वास माझ्या हातून निसटला असेल, अशी वेडी आशा धरून मी समोर बसलो.

तिने हेडफोन काढले. "हा ह्यांचा प्रेस नाही रे. ह्यांचा असा सलग कधी चालायचा? मध्येच थांबून कोणाशी तरी बोलत बसायचे."

"त्यांचाच आहे, आई."

"मग हे कुठायत?"

"मी काढून टाकलं."

"सगळं?"

"सगळं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हेडफोनची वायर सरळ केली आणि ते पुन्हा कानाला लावले.

"परत लाव. मी नीट ऐकते. तुझ्याकडून राहून गेलं असेल काहीतरी."

राहिलेलं नव्हतं. ते काम मी फार मन लावून केलं होतं. तरी मी परत लावलं.