होकाराची तालीम

गूळ कमी पडला.

मी तराजूच्या एका पारड्यात मांडी घालून बसले होते. समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा. मंडळाचा गणपती, भाड्याचा हॉल, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कुवेतमधल्या आमच्या खैतान भागातल्या मलबारी किराणावाल्याने तराजू आणि गूळ दोन्ही दिलं होतं. त्याने अंदाजाने पाठवलेला गूळ सगळा चढवून झाला. माझं पारडं जमीन सोडेना.

वहिनी माइकवर होत्या. "अरे, आणा, आणा! अजून आणा! कुवेतचा गूळ संपला वाटतं!"

हॉल हसला. लहान पोरं हसली ते ठीक. त्यांच्या आया हसल्या, बाप हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "साखर चालेल का?" मग स्वयंपाकघरातून महाप्रसादाच्या तांदळाचं पोतं आलं. ते गुळावर ठेवलं तेव्हा कुठे मी वर उचलले गेले. टाळ्या पडल्या. मी सोळा वर्षांची होते आणि मला त्या पारड्यातून उतरताही येत नव्हतं, कारण फोटो व्हायचे होते. आई एका कडेला हात जोडून उभी होती आणि रडत होती. आनंदाने. तिचा नवस फिटला होता.

नवस काय, ते सांगते. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी अंगावर पिणारी होते. आई-पप्पा मला घेऊन बसने इराकमधून जॉर्डनला पोचले. तिथल्या वाळवंटात, तंबूत, मला जुलाब लागले. आईचं दूध आटलं. पोर हातची जाते असं दिसल्यावर ती देवीला बोलली, हिला जगव, हिची गुळाने तुला करीन. मी जगले. युद्ध संपलं, पप्पा कामावर परतले, मागून आम्ही आलो. नवस तेवढा राहिला. गावी देवीला जायचं तर सुट्टी मिळेना. सुट्टी मिळाली तर कुणाचं तरी लग्न निघायचं. आईच्या मनाला टोचणी होतीच. आणि जिने मूल उपाशी मरताना पाहिलं, ती ते मूल समोर आलं की वाढतच राहते. मी 'पुरे' म्हटलं की ती घाबरायची.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "इथेच करा की. गणपतीत. छान आयटम होईल."

मी आयटम झाले.

वहिनी म्हणजे पप्पांच्या साहेबांची बायको. साहेब पुण्याचे, तेल कंपनीत मोठे इंजिनियर. पप्पा नाशिकचे, त्याच कंपनीत स्टोअरकीपर. नोकरी साहेबांनी लावलेली. करार दरवर्षी नवा व्हायचा आणि तो साहेबांच्या टेबलावरून जायचा. म्हणून साहेबांच्या रिग्गईच्या फ्लॅटवर काहीही असलं की आई पुऱ्या लाटायला हजर. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका सोफ्यावर, माझी आई ओट्यापाशी. बाकीच्यांना वहिनी 'अहो' म्हणायच्या, आईला 'अगं'. आईचं वय त्यांच्याहून जास्त होतं.

त्यांची सानिका माझ्याच वर्गात. तीही चांगली गुटगुटीत. पण आपला तो बाब्या. सानिका 'हेल्दी' होती. मी 'प्रॉब्लेम' होते.

तुला झाली त्या आठवड्यात वहिनींनी आईला बोलावून घेतलं. मी सोबत होते.

"बघितलंस ना पोरीचं वजन? तूच नाही, सगळ्या मंडळाने बघितलं. तुमच्यात खाण्यावर ताबा नसतोच मुळी."

तुमच्यात. हा शब्द मी आधीही ऐकला होता. आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो ना, त्या थांबण्यात हाच शब्द असतो. त्या दिवशी तो तोंडातून बाहेर पडला. आई मान डोलवत होती. मला तिचा राग आला, आणि अजूनही तो पूर्ण गेलेला नाही.

मग वहिनींनी उपाय सांगितला. ऑपरेशन. आत जठराला पट्टा बसवतात, भूक कमी होते. इथल्या मुली सर्रास करून घेतात. इन्शुरन्सच्या मंजुरीचं साहेब बघतील. "आमच्या मुलीसारखीच आहे गं ती. उद्या लग्नाचं बघावं लागेल." आईने त्यांच्या पायाला हात लावला. सुरी माझ्या पोटावर चालणार होती आणि उपकार आईवर झाले.

सर्जन मात्र सरळ माणूस होता. त्याने चित्र काढून दाखवलं. रक्तातली साखर काठावर आहे म्हणाला, गुडघे आत्ताच कुरकुरतायत म्हणाला. ऑपरेशनने फायदा होऊ शकतो. पण पट्टा जादू नाही. प्रत्येक घास चावून चावून खायचा, नाहीतर उलटी. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तपासण्या कायमच्या. मोठी माणसंही कंटाळतात, मग शाळकरी मुलीचं काय. म्हणून घाई नको. मुलगी मनाने तयार आहे की नाही, तिला हे स्वतःला हवंय की नाही, ते आधी मानसोपचाराच्या डॉक्टर बघतील. त्या हो म्हणाल्याशिवाय मी हात लावणार नाही.

वहिनी सोबत आल्या होत्याच. परतताना गाडीत म्हणाल्या, "म्हणजे इंटरव्ह्यू असतो. मी घेते तिची तयारी करून."

कुणालाच यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. आपल्याकडे प्रश्न म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे पाठांतर. आणि वहिनी मंडळाच्या मुलांना वक्तृत्व शिकवायच्या. स्पर्धेत त्यांची मुलं ढाली जिंकायची. त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी भाचीचं याच डॉक्टरकडे झालं होतं, तेव्हा काय काय विचारतात तेही त्यांना ठाऊक होतं.

तर संध्याकाळी रिग्गईला जायचं. आई स्वयंपाकघरात. मी दिवाणखान्यात मधोमध उभी. वहिनी डॉक्टर झालेल्या. सानिका सोफ्यावर चिप्स खात बसलेली.

"हू वॉन्ट्स धिस सर्जरी?"

"आय वॉन्ट इट. फॉर मायसेल्फ."

"पडेल आवाज नको. 'मायसेल्फ'वर जोर. आणि म्हणायच्या आधी जरा खाली बघ, मग हळूच वर. विचार करून बोलतेयस असं वाटलं पाहिजे."

मी खाली बघायचे. मग हळूच वर.

लोक चिडवतात का? हो, पण त्यासाठी नाही, तब्येतीसाठी करतेय. घरचे जबरदस्ती करतात का? मुळीच नाही. आयुष्यभर पथ्य पाळशील? हो, मला समजतंय ही जबाबदारी आहे. 'जबाबदारी'ला हाताची मूठ छातीशी. ती मूठही वहिनींनीच बसवली. माझा हात धरून, बोटं दुमडून. इतके दिवस माझ्या जाडीवर बोलल्या होत्या, हात कधी लावला नव्हता.

एकदा सानिका म्हणाली, "मम, शी साउंड्स लाइक अ रोबो." दोघी खूप हसल्या. स्वयंपाकघरातून आईही हसली, काय झालं ते न कळता. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, असं तिचं होतं.

घरी पप्पाही घ्यायचे उजळणी. सकाळी कामावर जाताना बूट घालत विचारायचे, "हू वॉन्ट्स धिस सर्जरी?" मी दात घासता घासता उत्तर द्यायचे. पप्पांचं इंग्रजी तेवढ्यापुरतं सुधारलं.

डॉक्टर लेबनीज बाई होत्या. थकलेल्या, सभ्य. आईला त्यांनी बाहेर बसवलं. आईला वाटलं तिचं काही चुकलं. आत त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तोच प्रश्न, तेच उत्तर. खाली बघितलं, वर बघितलं. मूठ छातीशी गेली. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, आता आणखी एखादा प्रश्न येईल, जो आम्ही बसवलेला नाही. आला असता तर मी काय म्हटलं असतं देव जाणे. आला नाही. बाहेर येऊन त्या आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी वयाच्या मानाने फार समजूतदार आहे. ती तयार आहे."

आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण हे कळलं.

त्याच संध्याकाळी साहेबांकडे पेढे. मिरकाबच्या मिठाईवाल्याकडून पप्पांनी स्वतः आणले. मी पास झाले म्हणून. वहिनींनी खोका फिरवला. साहेबांना, सानिकाला, शेजारच्या काकूंना, पप्पांना. आईला पेढा ओट्यापाशी नेऊन दिला. माझ्यापाशी खोका आला, थांबला आणि पुढे गेला.

"तुला नाही हं. आता सवय कर."

पुन्हा तेच हसू.

मला पेढ्याची भूक नव्हती. खरंच नव्हती. पण त्या खोक्याकडे बघताना मला सगळं लख्ख दिसलं. पोट माझं, सुरी माझ्यावर, उलट्या मी करणार, गोळ्या मी गिळणार. होकार त्यांचा आणि पेढेही त्यांचे. माझ्या वाट्याला फक्त पोपटपंची आली होती. मला ऑपरेशन हवं होतं की नको होतं? मला माहीत नव्हतं. कदाचित हवंही असेल. आरशासमोर मीही रडले होते. पण ते शोधायला यांनी माझ्या तोंडात जागाच ठेवली नव्हती.

ते तिथेच सांगायची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी शेवटची भेट होती, सह्या करायला. सर्जन, लेबनीज डॉक्टर, आई, पप्पा. वहिनीही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण खुर्ची त्यांनी सर्जनच्या समोरची घेतली. सर्जनने पेन पप्पांपुढे सरकवलं आणि मला सहज विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

मी इंग्रजीत म्हणाले, "विचारायचं नाही, सांगायचंय. परवाची उत्तरं माझी नव्हती. मी ती पाठ केली होती."

वहिनी लगेच पुढे सरसावल्या.

"तिला भीती वाटतेय," वहिनी हसत म्हणाल्या. "लहान आहे. आम्ही समजावू तिला."

लेबनीज डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वहिनींकडे बघितलंसुद्धा नाही. "मग तुझं स्वतःचं उत्तर काय?"

"मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही प्रश्न वाचलेत आणि मी उत्तर म्हटलं."

वहिनी मराठीत, दबक्या आवाजात, हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "पप्पांचा विचार कर. करार नवा व्हायचाय यंदा."

पप्पांनी ते ऐकलं. त्यांची मान खाली गेली. आयुष्यभर सगळ्यांपुढे वाकलेला माणूस, आणि आता माझ्यामुळे अजून वाकणार. क्षणभर वाटलं, म्हणावं, चुकलं, करा ऑपरेशन. तेवढ्यात पप्पांनी पेन उचललं. मला वाटलं सही करतात. त्यांनी ते नुसतंच हातात धरलं. खाली ठेवलं नाही आणि सहीही केली नाही.

मग मीच बोलले. या वेळी मराठीत, वहिनींकडे तोंड करून. पहिल्यांदाच 'वहिनी' न म्हणता.

"माझ्या अंगाचा करार तुमच्या टेबलावरून जाणार नाही."

सर्जनला शब्द कळले नाहीत. सूर कळला असावा. त्याने पप्पांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि फाइल मिटली. "शी इज नॉट रेडी," तो म्हणाला. वहिनींच्या भाषेत नापास. बोर्डात आलेल्या माझ्या सगळ्या मार्कांपेक्षा मला तो शेरा जास्त मोलाचा वाटतो.

पुढचं गोड नाही. पप्पांचा करार त्या वर्षी नवा झाला नाही. साहेबांनी कारण दिलं नाही, आणि विचारायची पप्पांची रीत नव्हती. घर फिरलं की वासेही फिरतात, तसे मंडळातले लोक फिरले. बाजारात समोर आले की दुसऱ्या गल्लीत शिरायचे. पप्पांना पुढे लहान दुकानात कमी पगाराची नोकरी मिळाली. ते माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. आई बोलायची, पण "तुझ्यामुळे" हा शब्द त्यात असायचाच. वजन उतरलं नाही. साखर काठावरून आत आली. आता गोळ्या घेते, त्या मी माझ्या हाताने घेते.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. ज्यांना हवं त्यांनी जरूर करावं. उद्या मीही करीन कदाचित. अजूनही लग्नकार्यात कुणीतरी बाई कोपऱ्यात ओढते आणि म्हणते, "अगं, आता तर किती सोपं झालंय, विचार केलास की नाही?" मी तिचा हात माझ्या दंडावरून काढते आणि सांगते, विचार चालू आहे, तुम्ही त्यात नाही.

ज्या दिवशी हो म्हणायचं असेल, त्या दिवशी मी एकटी जाईन. डॉक्टरच्या समोरच्या खुर्चीत मी बसेन. अडखळेन, चुकीचं इंग्रजी बोलेन, वाटलं तर रडेन. पण तोंडून निघेल तो शब्द माझा असेल. तोवर माझ्या पोटाला कुणी हात लावायचा नाही. मायेनेसुद्धा नाही.