चौसष्ट आणि पंधरा

देविदासच्या जाण्याने जिल्ह्याच्या गणिताचा सूर्य मावळला, असे शोकसभेत एका वक्त्याने सांगितले. अशा सभांत सूर्यापेक्षा लहान काही मावळत नाही. खरे म्हणजे देविदास इतिहास घेऊन बी.ए. झाला होता आणि गणित तो नोकरी लागत नव्हती म्हणून शिकला. तो गेल्याचे मला बँकेत फोनवर कळले. शिकवता शिकवता फळ्यापाशीच कोसळला. मी फोन ठेवला आणि काउंटरवरच्या माणसाला पासबुक दिले, तेही दुसऱ्याचेच...

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघे आदिलाबादला एका खोलीत राहून बँकेच्या परीक्षा देत होतो. मी भीमपूरकडचा, तो तलमडुगूकडचा. त्याचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर राबत, आणि घरातला हा पहिला पदवीधर म्हणून गावाने त्याला नोकरीच्या आधीच साहेब म्हणायला सुरुवात केली होती. हे त्याला फार टोचायचे. बसून गणित करणे त्याला जमत नसे. खोली सात पावलांची. मी पुस्तकातून प्रश्न वाचायचो, तो येरझारा घालत उत्तर सांगायचा. नळ-टाकीच्या गणिताला दोन फेऱ्या, आगगाडीच्या गणिताला चार. “बस ना लेका, मले चक्कर येऊन राह्यली,” मी म्हणायचो. “बसलो का डोकंबी बसते,” तो म्हणायचा. त्याचे तोंडी उत्तर कधी चुकले नाही. तो उत्तर लिहितो कसे, हे मात्र मी कधी पाहिले नव्हते.

चौथीपर्यंत तो गावच्या मराठी शाळेत होता, पुढे तेलुगू माध्यमात, आणि पेपर यायचा इंग्रजीत. हिशेब डोक्यात मराठीतच चालायचा. तेलुगूत सत्तर-नऊ म्हणतात तसेच लिहितात. मराठीत म्हणायचे एकोणऐंशी, आणि कानात ऐंशी वाजत असताना लिहायचा सात. आमच्या सीमेवरच्या कित्येक पोरांचा हात इथे आठावर जायचा.

वयाची मर्यादा उलटायच्या आत त्याच्या हाती दोनच परीक्षा उरल्या होत्या. पहिली हैदराबादला दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही परत निघालो. निर्मल मागे पडल्यावर तो एकदम खुलला.

“ते सरासरीचं केलं का बे? चार विषयांची चौसष्ट, पाचवा धरला का सदुसष्ट. पाचव्यात किती?”

“केलं.”

“पाच त्रिक पंधरा. चौसष्ट अन् पंधरा, एकोणऐंशी. चौथा पर्याय! दहा सेकंद नाही लागले मले.”

एकोणऐंशी हा दुसरा पर्याय होता. चौथा होता एकोणनव्वद. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

“काऊन बे, चूप काऊन झाला?”

“गाडी लागून राह्यली.”

त्याने पिशवीतले लिंबू काढून माझ्या हातात दिले. नेरडीगोंड्यापर्यंत मी ते हुंगत बसलो.

झालेला पेपर बदलणार नव्हता. पण तीन आठवड्यांनी दुसरा होता, त्याआधी सांगायला हवे होते. उद्या सांगू, असे मी ठरवले. तीन आठवड्यांत एकवीस उद्या येतात. जागा थोड्या होत्या आणि आम्ही दोघे होतो, हेही लिहून टाकतो. निकालात पहिल्या परीक्षेत माझा नंबर होता. त्याचा दोन्हींत नव्हता.

त्याने तीच खोली ठेवली, बाक आणले, फळा लावला. दहा-बारा वर्षांत त्याच्या वर्गातली मुले बँकेत, टपालात, रेल्वेत गेली. मला बँकेत आजवर कोणी आगगाडीची लांबी विचारलेली नाही. आम्ही भेटायचो, पण बसमधली गोष्ट ना मी काढली, ना त्याने.

शोकसभेनंतर मी त्या खोलीला लागूनच असलेल्या त्याच्या घरी, त्याच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे गेलो आणि सगळे सांगून टाकले. त्या चहा गाळत होत्या.

“त्याईले बसमधीच समजलं होतं, भाऊजी. मनत होते, त्याले गाडी कधीच लागत नाही.”

“मग दुसऱ्या पेपरात?”

“त्या पेपरात हरेक एकोण दोन-दोनदा तपासून पाह्यला. तपासता तपासता पेपरच राह्यला अर्धा.” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “तुमी सांगतलं असतं तरी तेच झालं असतं, असं मनत.”

त्याने हे माझ्यासाठी म्हटले की खरेच तसे होते, हे आता कोणाला विचारायचे...

बाहेर चपलांचे आवाज आले. वर्ग बंद झाल्याचे सांगूनही मुले येतातच, वहिनी म्हणाल्या. मी बाकांच्या खोलीत गेलो. मुले उठून उभी राहिली, म्हणून मला खडू घ्यावा लागला. पुढच्या बाकावरच्या मुलीने होडी आणि प्रवाहाचे एक गणित विचारले.

मला ते आले नाही.