बिजागरीची पिन

“परत ने हा डबा. माझ्या हातून आता वस्तू हरवतात.”

हॉलमध्ये बाबा हे खालच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकांना सांगत होते. काकांनी त्यांच्यासाठी रणगाड्याच्या मॉडेलचा नवा किट आणला होता. मी चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमध्येच थांबले. कारण बाबांच्या हातून काहीही हरवलेलं नव्हतं — आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तोवर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा.

मी नववीत असताना बाबा सैन्यातून निवृत्त होऊन कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला आले. तोपर्यंत ते मला फक्त सुट्टीपुरते माहीत. काय बोलायचं त्यांच्याशी? त्यांनाही बहुतेक तोच प्रश्न पडला असावा. एका रविवारी त्यांनी प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा डबा उघडला आणि मला म्हणाले, “चिमटा धर.”

रणगाडा विचित्रच होता. त्याला तोफच नव्हती. पाठीवर घडी घातलेला पूल — ओढा आडवा आला की तो पुढे उलगडायचा, बाकीचे रणगाडे त्यावरून पार. खऱ्या गाडीवर बाबांनी काम केलेलं. तुकडे घासता घासता ते चिखलाच्या, थंडीच्या, पूल अर्ध्यात अडकून बसल्याच्या गोष्टी सांगायचे. जेवताना हाच माणूस ‘मीठ दे’च्या पुढे जात नसे.

शेवटी फक्त बिजागरीची पिन राहिली. तांदळाच्या कणीएवढी. ती बसवली की पूल उघडणार, आणि — आणि आमचे रविवार संपणार. दुसरा डबा आणता येतो, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ‘आणू या का’ म्हणायचं कसं, ते कळत नव्हतं. बाबा चष्मा पुसत होते तेवढ्यात मी पिन उचलून कंपासपेटीत टाकली.

पुढच्या रविवारपर्यंतच. एवढंच ठरवलं होतं.

बाबांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर माझा शाळेचा जुना मोजा बांधला, पिन आत ओढली जाऊ नये म्हणून, आणि सगळी फरशी पालथी घातली. “आता केरही गाळून घ्या,” आई म्हणाली, “चहाची गाळणी देऊ?” त्यांनी खरंच घेतली. मीही त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसून शोधत होते. हे लिहिताना अजून हात थांबतो — मी शोधत होते.

“तारेची करू या ना,” मी म्हटलं.

“नको. डब्यात होती, मी घालवली. तार लावून काय झाकायचं?”

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. बाबा डोळे तपासून आले. डोळे ठीक निघाले, तेव्हा ते डोक्यावर शंका घ्यायला लागले. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का — सगळं आईला दोनदा विचारून. अर्धवट रणगाडा कपाटावर गेला. ज्या रविवारांसाठी मी हे केलं, तेही त्याच्याबरोबर गेले.

मी शिकले, नोकरीला लागले. पिन कंपासपेटीतून पर्सच्या आतल्या कप्प्यात आली. सॉरी म्हणणं मला कधीच जड गेलं नाही. आमच्या इंग्रजी शाळेत ते दिवसभर चालायचं. पण ज्याचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला, त्याला सॉरी म्हणून नेमकं काय सांगायचं? म्हणून गप्प राहिले. भित्री होते, हे त्याचं साधं नाव.

हॉलमध्ये काका समजूत घालत होते, “अरे, वय झालं की व्हायचंच.” आणि बाबांनी मान डोलावली. निमूटपणे.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. पर्स आणली. पिन त्यांच्या तळहातावर ठेवली.

“बाबा, ही हरवली नव्हती. मी चोरली होती. तुम्ही केर गाळत होतात, तेव्हा ती माझ्याकडेच होती.”