साठ जीबीचा पाहुणचार

आमच्या कोकंद शहरातल्या मोहल्ल्यात तोजिबोयआकांइतका दिलदार माणूस नाही, आणि इतका हट्टीही नाही. घरी झोपणारी माणसं दोन, पण भिंतीशी रचलेल्या गाद्या चाळीसजणांच्या. न जाणो, कुणी आलं तर!

त्यांचा जुना कॉम्प्युटर अडखळायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाला शुहरत म्हणाला, "आका, मेमरी भरली की उरलेलं सामान हा डिस्कवर ठेवतो. त्या जागेला स्वॅप फाइल म्हणतात. तुम्हाला सहा जीबी रग्गड झाली."

"सहा? आणि एकदम गर्दी झाली, तर बिचाऱ्यांनी अंगणात उभं राहायचं?"

आकांनी घरी येऊन साठ राखून ठेवली. डिस्क होती सगळी शंभरची. कॉम्प्युटर पूर्वीइतकाच रडत राहिला, पण आका निर्धास्त झाले.

मग त्यांचा एकुलता मुलगा अझमत कोरियात लग्नाला उभा राहिला. त्याला सुट्टी मिळेना, यांना व्हिसा मिळेना. लग्न कॉम्प्युटरवरच बघायचं ठरलं, आणि आकांनी अख्खा मोहल्ला जेवायला बोलावला. त्यामुळे अझमतची आई, सनोबरओपा, अंगणात पुलावाच्या कढईपाशी अडकल्या.

"ओपा, तुम्ही आत जा, कढई मी बघतो," मी म्हणालो.

"पाहुण्यानं कढई बघायची? बस जाऊन गुपचूप! हे रेकॉर्ड करताहेत ना सगळं. तुम्ही टळलात की बघेन निवांत, पोटभर रडत."

आम्ही सगळं पाहिलं. नवरीने वाकून सलाम केला, अझमतने आईला हाक मारली, आणि आम्ही पुलाव चापत डोळे पुसले.

पाहुणे पांगले. मी ताटं आत नेऊन ठेवत होतो, तेव्हा ओपा हात पुसत पडद्यासमोर बसल्या. हॉल दिसला, फुगे दिसले, कुणीतरी माइक ठोकून पाहिला, आणि चित्र संपलं. डिस्क तिथेच भरली होती.

आकांनी कोरियाला फोन लावला. "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, मी करतो म्हणून? इथं कुणीच नाही केलं," अझमत म्हणाला.

आकांनी साठाचे सहा केले, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. "बघ, आता किती जागा झाली," ते बायकोला म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

ओपांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"तू पाहिलंस ना रे? सांग, कोट कुठल्या रंगाचा होता त्याचा?"

मला आठवेना.