एका पैशासाठी तीन भिंगं

आमच्या मामाजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, तंबाखूची एक पत्र्याची डबी होती. तंबाखू तिच्यात कधीच नसायची. असायची ती टांकसाळीत चुकून निघालेली नाणी. एकाचा छाप बाजूला सरकलेला, एकाची कड कुठे जाड तर कुठे बारीक. चिखलीजवळ आमची भाजीची वाडी होती. बाजाराच्या दिवशी ओंजळ भरून सुटे पैसे यायचे, त्यातून मामाजी अशी नाणी वेचून काढायचे. महाराष्ट्र राज्य नवं होतं, नवे पैसेही अजून नवेच वाटत होते, आणि त्या घरात सगळ्यांत नवी मी होते.

डबीतला राजा म्हणजे तांब्याचा एक नवा पैसा. त्याच्या सालातला शेवटचा आकडा दोनदा उमटला होता. एक ठळक, आणि त्याच्या कडेला लागून केसाएवढी दुसरी रेघ. ओट्यावर कोणी टेकलं की मामाजी तो पैसा काढायचे.

"पाह्य गड्या, सरकारची टांकसाळबी चुकते! आपलं तं काय घेऊन बसला?"

मग अंगठ्याचं नख त्या आकड्यावरून फिरवायचे आणि स्वतःशीच हसायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. पाहुणा "अरे हो, दोन रेघा!" म्हणाला की त्यांचा चेहरा फुलायचा.

अशात माझी सासरची पहिली दिवाळी आली. माझं माहेर वडनेर भोलजीचं. लक्ष्मीपूजनाच्या ताटात काळा पडलेला पैसा दिसला तर सुनेनं माहेरचं नाक कापलं, असं मानणारी माझी आई. मी घरातले सगळे पैसे चिंचेच्या कोळात भिजवले, विटेची भुकटी घेतली आणि जीव तोडून घासले. डबीतलेसुद्धा. कोणी सांगितलं नव्हतं, शहाणपणा सगळा माझाच. डबीतली नाणी ताटाच्या एका कोपऱ्यात वेगळी मांडली. ताट असं लखलखलं की माझी मीच खूश झाले.

पूजा झाल्यावर मामाजींनी आपला पैसा मागून घेतला. नख फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं.

"सूनबाई, दुसरी रेघ हाय न?"

मी वाकून पाहिलं. रेघ काही दिसली नाही. पण सणाचा दिवस, भरलेलं घर, आणि मी नवी.

"हाय न मामाजी," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि डबीचं झाकण लावलं.

त्यानंतर ओट्यावर पाहुणे आले, चहा झाला, गप्पा झाल्या, पण डबी काही निघाली नाही. हे मला फार लागलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. मी स्वभावाची हट्टी. ठरवलं, रेघ शिल्लक आहे की मी घासून टाकली, हे पक्कं कळल्याशिवाय गप्प बसायचं नाही. साध्या डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे? बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारं काहीतरी हवं.

"मामाजी, तुमचा पैसा नेऊ का जरा?"

"ने," ते म्हणाले. कशाला ते विचारलं नाही.

पहिलं भिंग शेजारच्या पंचांग पाहणाऱ्या काकांचं. दांडीचं, बशीएवढं. त्यातून आकडा वांग्याएवढा दिसला, पण धुरकट, आणि कडेला वाकडा. हातावरच्या रेषा पाहायला ठीक असेल, माझ्या कामाचं नव्हतं. काकांनी आपणहून माझा हात पाहायची तयारी दाखवली. मी म्हटलं, हातानं काय केलंय तेच तर शोधतेय.

दुसरं भिंग बाजारातल्या घड्याळजीचं. एका डोळ्यात दाबून बसवायचं आणि पैसा नाकाला टेकेल इतका जवळ धरायचा. दोनदा भिंग खाली पडलं. तिसऱ्यांदा जमलं, आणि रेघ दिसली! मी भर दुकानात टाळी वाजवली.

"थांबा बाई," घड्याळजी म्हणाला. "हा माह्या गल्ल्यातला पैसा पाहा."

त्याच्यातही आकड्याला लागून दुसरी रेघ होती. मग त्यानं पुढे ठेवलेल्या तिसऱ्यातही. माझ्याच डोक्याची सावली पैशावर पडत होती आणि आकड्याच्या कडेला रेघ होऊन बसत होती.

"लई ताकदीचं भिंग या कामाले चालत नाही," तो म्हणाला. "उजेड मरते त्याच्यात. मंग ज्याले जे पाह्यजे, तेच दिसते."

खरं सांगते, क्षणभर वाटलं इथंच थांबावं. घरी जाऊन सांगावं की घड्याळजीच्या भिंगातून पाहिलं, रेघ आहे. कोण तपासायला येणार होतं? पण एकदा खोटं बोलून आठ दिवस घास गोड लागला नव्हता. त्या दिवसापासून मी पदराच्या गाठीत दोन पैसे बांधून हिंडू लागले, एक मामाजींचा आणि एक साधा. जे भिंग साध्या पैशालाही दुसरी रेघ दाखवील, ते आपल्या उपयोगाचं नाही.

कापसाच्या बाजारात प्रत ठरवणारे एक ग्रेडर आमच्याकडून मेथी न्यायचे. त्यांच्या खिशात धागे पाहायचं पितळेचं घडीचं भिंग असायचं. उघडलं की छोट्या स्टुलासारखं उभं राहायचं. खाली चौकोनी खिडकी, वर काच, मधे मोकळी जागा. हात थरथरला तरी अंतर हलत नाही आणि उजेड बाजूनं सरळ आत येतो. मी पाहताक्षणी ओळखलं, हेच.

"बाई, हे कापसाचं हाय, पैशाचं नाही," ते म्हणाले.

मी तीन बाजार त्यांच्यामागे लागले. शेवटी कंटाळून त्यांनी ते माझ्या भाजीच्या तराजूशेजारी ठेवलं.

आधी साधा पैसा ठेवला. आकडा एक, कड स्वच्छ, दुसरी रेघ नाही. म्हणजे भिंग खरं बोलत होतं. मग मामाजींचा ठेवला.

आकडा एकच होता. त्याच्यावर आणि आजूबाजूला बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेनं, उजवीकडून खाली तिरपे. मी हात हवेत तसाच फिरवून पाहिला. माझीच घासायची चाल.

"वांगे कसे दिले बाई?" समोरून कोणी तरी विचारत होतं. मी पैसा फिरवला, पुन्हा उजेडाकडे धरला. रेघ गेली होती. मी ग्रेडरना म्हटलं, असंच एक भिंग मला विकत द्या. त्यांच्याकडे ढिल्या बिजागरीचं एक जुनं होतं. ते घेऊनच मी घरी आले. खोटं बोललेल्या माणसानं नुसत्या शब्दावर खरं सांगू नये, असं मला वाटत होतं.

मामाजी ओट्यावर बसले होते. भिंग आणि पैसा मी त्यांच्यापुढे ठेवला.

"मामाजी, दुसरी रेघ नाही. म्या घासून टाकली. अन् दिवाळीले तुमच्याशी खोटं बोलली."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "नख फिरवलं का दोनदा अडकत होतं. त्या दिवशी एकदाच अडकलं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू पाहून राह्यली होती न. पाह्यणाऱ्याले मधात टोकू नाही." त्यांनी भिंग चाचपलं, त्याची घडी उघडली आणि मिटली. "याच्यातून काय दिसलं?"

"ओरखडे. सगळे एका बाजूनं. माह्या हाताचे."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पैसा डबीत टाकत म्हणाले, "टांकसाळीची चूक जपली इतके दिस. आता घरची जपतो."

मला वाटलं, माझं मन राखायला बोलले. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाहुणे टेकले आणि कितीतरी दिवसांनी डबीचं झाकण वाजलं. मी चुलीपुढे होते.

"पाह्य गड्या, या भिंगातून पाह्य. ह्या रेघा टांकसाळीच्या नाहीत, आमच्या सूनबाईच्या हायत!"

मी लाजेनं भांडी आपटली. पण पाहुणा काय म्हणतो ते ऐकायला दाराशी जाऊन उभी राहिले.