सायलेन्सरवरचा डबा

आमच्या थोरल्या काकीनं जन्मात कधी घट्ट झाकणावर उलथनं मारलं नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की आमच्या घरात सगळे पैलवान व्हायचे. वडील फडकं घेऊन दातओठ खायचे, आई बरणी उंबऱ्यावर आपटायची, आणि सगळ्यांची हौस फिटली की बरणी काकीकडं जायची. काकी ती मांडीवर घेऊन सोप्यात बसायची. झाकणाच्या कडेनं तेलाचं बोट फिरवायची आणि शेजारणीशी बोलता बोलता जरा इकडं, जरा तिकडं करत राहायची. "आवळलंय ते. त्येला सुटायला सवड द्या की रं," म्हणायची. झाकण कधी सुटलं हे तिचं तिलाही कळायचं नाही, कारण गप्पा अर्ध्यात असायच्या.

काका सुभेदार होऊन पेन्शनवर घरी आले आणि गाव तिला सुभेदारीण म्हणू लागलं. मलकापूरच्या अलीकडं आमचं गाव, सगळं उसाचं रान. काका पलटणीत असताना ते रान तिनंच सांभाळलं होतं. काकांनी आल्या आल्या ट्रॅक्टर घेतला, तांबडा, आणि काकी शेजारच्या मडगार्डवर बसून बघून बघून तो चालवायला शिकली. साडीचा काचा मारून ती ट्रॅक्टरवर चढली की बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मग आठवड्याच्या बाजाराला त्याच बायका तिच्या ट्रॉलीत पुढची जागा धरायला भांडायच्या. आता बोला!

त्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर सरळ आभाळाकडं तोंड करून उभा. पाऊस आला की पाणी नळीतून थेट इंजिनात. म्हणून रोज संध्याकाळी ट्रॅक्टर जांभळाखाली लावला की काका त्या नळीवर चहापत्तीचा एक रिकामा डबा पालथा घालायचे. मिलिटरी कँटीनमधून आणलेला डबा. जेवण राहील, डबा राहायचा नाही.

काका गेले. पंडितदादानं, म्हणजे काकीच्या मुलानं, नवा ट्रॅक्टर घेतला आणि जुना जांभळाखालीच थांबला. पण बेंदूर आला तशी काकीला राहवेना. बेंदराला आमच्याकडं बैलं धुऊन, रंगवून मारुतीच्या देवळापुढनं नेतात, आणि आता बैलं कमी झाल्यावर ट्रॅक्टरही नेतात. तिनं त्याला बैलागत धुतला, हळदीकुंकू लावलं. झेंडूचा मोठा हार आणला होता, तो घालायचा कुठं? सायलेन्सरच्या गळ्यात. हार नीट बसेना म्हणून डबा काढून ठेवला, आणि तो तसाच राहिला. हार सुकला, गळाला, त्या साली पाऊस तर लय झाला. दिवाळीनंतर दादानं चावी फिरवली तर आतून एकदाच कट् असा आवाज आला आणि संपलं.

मलकापुरातनं शब्बीर मिस्त्री आला. शांत माणूस, पण एकदा बोलायला लागला की खोटं गोड बोलणार नाही. त्यानं इंजिनाचं हेड खोललं. दोन सिलेंडर बरे होते. तिसऱ्यात गंजानं पिस्टनला असं धरलं होतं की जणू एकाच लोखंडाचे दोघे. "आक्का, पानी गेलंय," तो म्हणाला. "वरनं आलंय. झाकन न्हवतं का?"

काकीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "व्हतं. मीच काढलं, हार घालाया."

दादाचा डोळा आधीच त्या जागेवर होता. त्याला जांभळाखाली गोठा बांधायचा होता आणि त्याचंही काही चुकत नव्हतं, म्हशी काय ट्रॅक्टरच्या सीटवर बांधायच्या? तो म्हणाला, "आई, भंगारवाला बोलवतो. तू आता जिवाला लावून घिऊ नगंस."

"बेंदरापतुर थांब," काकी म्हणाली. "तवर फिरलं न्हाई तर मीच त्येला भंगारात घालवती. पर त्येंच्या हातचं इंजान माझ्या हातनं बसलंय. ते माझ्याच हातनं सुटाय पायजे."

दादा पण तिचाच लेक. म्हणाला, "बेंदूर म्हंजे बेंदूर. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा काटा."

आणि मग काकीनं त्या इंजिनाची बरणी केली. शब्बीरनं सांगितलं तसं तेल आणि डिझेल एकत्र करून रोज वाटीभर त्या सिलेंडरमध्ये ओतायची, वर प्लास्टिकचा कागद बांधायची. आंघोळ करून आली की इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुढच्या पुलीवर कुंकवाचं एक बोट, आणि त्याच्या बरोब्बर समोर इंजिनावर दुसरं. पुली केसभर जरी सरकली तरी दोन बोटं समोरासमोर राहणार नाहीत, हा तिचा हिशेब. मग गिअर टाकायचा आणि मागच्या चाकाला खांदा लावून ट्रॅक्टर जरा पुढं, जरा मागं. एकटीच्या खांद्यानं काय होतंय? म्हणून ती येईल त्याला जुंपायची. दूधवाला, पोस्टमन, जेवायला आलेला जावई. "च्या पायजे? मग आदी चाकाला हात लाव." मी सांगलीत नोकरीला. रविवारी गावी गेलो की पिशवी ठेवायच्या आधी चाक. माझी इस्त्रीची पँट किती वेळा ग्रीसनं माखली असेल!

कुंकवाची बोटं मात्र रोज एकमेकांकडं बघत उभी. गाव चेष्टा करायला लागलं. "सुभेदारीणबाई, ट्रॅक्टरला पालखीत घालता का?" काकी म्हणायची, "घालीन की. तुमी भोई व्हा."

बेंदूर जवळ आला तसा दादाचा धीर सुटला. एका रविवारी दुपारी त्यानं नवा ट्रॅक्टर आणून पुढं साखळी लावली. गिअरमध्ये ओढला की एका हिसक्यात सुटेल, नाहीतर तुटेल, एकदाचा निकाल तरी लागेल. मी तिथंच होतो. काकी भाकरीच्या पिठाच्या हातानं आली आणि जुन्या ट्रॅक्टरच्या चाकापुढं मांडी घालून बसली.

"आई, उठ. काय येडेपणा हाय ह्यो!"

"वड की. माझ्यावरनं वड," काकी म्हणाली. "हिसक्यानं आतला रॉड वाकंल, मंग तुझा बा जरी परत आला तरी ते फिरायचं न्हाई. सवडीनं धरलंय ते, सवडीनंच सोडंल. तुला बेंदूर दिलाय न्हवं मी? अजून आला न्हाई तो."

दादानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत साखळी काढली. मला त्या वेळी तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढं हट्टी माणूस घरात असलं की बाकीच्यांना जगणं अवघड.

पुढच्या खेपेला मी शनिवारी रात्रीच आलो होतो. रविवारी सकाळी परड्यात दात घासत होतो आणि जांभळाखालनं काकी ओरडली, "कुंकू कुनी पुसलं रं? कुनाच्या हाताला किडं पडलं?" मी तसाच धावलो. कुंकू पुसलेलं नव्हतं. काल लावलेली दोन्ही बोटं जागच्या जागी होती, पण समोरासमोर नव्हती. रात्रीत नव्हे, काल संध्याकाळच्या शेवटच्या धक्क्यालाच पुली बोटभर सरकली होती आणि अंधारात कुणाला दिसलं नव्हतं. काकीनं एकदा पुलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "सुन्या, आरं हाललं रं! हाललं बघ!" म्हणत ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. काका गेले तेव्हाही तिला मी असं रडताना बघितलं नव्हतं.

शब्बीर मिस्त्रीनं नव्या रिंगा घातल्या, हेड बसवलं. बेंदराच्या सकाळी काळ्या धुराचा लोट जांभळाच्या शेंड्याला गेला आणि कोंबड्या सैरावैरा पळाल्या. दादा मागल्या बेंदरासारखाच हार घेऊन सायलेन्सरकडं निघाला तशी काकीनं त्याच्या हातावर चापट मारली. "तितं न्हाई. बॉनेटवर घाल." मारुतीपर्यंत तिनंच चालवला. दादा मडगार्डवर बसला होता, लहानपणी काकांशेजारी बसायचा तसा. गोठा मग परड्यात झाला, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी नळीवर डबा काकी स्वतः घालू लागली.

यंदा चैत्रात काकी गेली. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली, आणि गेली. दादानं सगळं केलं, खांदा दिला, अग्नी दिला, पाव्हण्यांना आवरलं. डोळ्यांत टिपूस नाही. कोयनेच्या काठावरनं आम्ही परत निघालो आणि वळवाचा पाऊस टपोऱ्या थेंबांनी कोसळायला लागला. माणसं आडोशाला धावली. दादा मात्र सगळ्यांना सोडून घराच्या दिशेनं पळत सुटला, अनवाणी. मी त्याच्या मागं.

मी पोचलो तेव्हा तो जांभळाखाली ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढून उभा होता. चहापत्तीचा डबा सायलेन्सरवर जागच्या जागी पालथा होता.

"कालच घातलाय रं सुन्या," तो म्हणाला. "तिनंच घातलाय."

आणि डबा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरत तो लहान पोरागत रडायला लागला.